तंगमशी बोलायला फर्दापूरपर्यंत

परत येऊन आठ दिवस झाले. बाई दुपारच्या झोपतात तेव्हा मी हे लिहिते आहे. फिरलो ते चारच दिवस, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. लोक काशीला जाऊन येतात तरी कुणी लिहीत बसत नाही. पण मी इतकी वर्षं शहरात राहून दौलताबादचा किल्ला आतून पाहिलेला नव्हता, अजिंठ्याचा घाट उतरले नव्हते, आणि टीव्हीची माणसं जवळून कशी असतात तेही मला माहीत नव्हतं. गल्लीतल्या बायका विचारतात, काय काय पाहिलं गं. चारजणी समोर बसल्या की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. वहीत बरं जमतं.

बाई म्हणजे पुष्पमबाई. कन्नड तालुक्यातल्या गावांत त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात. त्या नन नाहीत, नर्स आहेत. विशीच्या आत असताना मद्रासच्याही पुढून, समुद्राकाठच्या एका गावातून, मिशनच्या दवाखान्यात नोकरीला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. लग्न केलं नाही. आता छावणीत दोन खोल्यांत राहतात. मी सोळा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे स्वयंपाकाला आले. आता कोण कुणाकडे राहतं ते आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही.

त्यांची धाकटी बहीण तंगम तिकडे गावीच असते. पूर्वी आईची पत्रं यायची. आई गेली आणि पत्रं थांबली. मग घरोघर फोन आले, पण तोवर बाईंच्या तोंडातलं तमिळ आटून गेलं होतं. पन्नास वर्षं इथं त्या भाषेत बोलायला माणूसच नव्हतं. शब्द शोधायला जावं तर मराठीच पुढं यायची. अकरा वर्षांपूर्वीचा शेवटचा फोन मला आठवतो. तिकडून तंगम भरभरून बोलत होती आणि इकडून बाई नुसतं हां हां म्हणत होत्या. शेवटी त्यांनी मराठी-हिंदी मिसळून काहीतरी सांगितलं. तिकडून फोन ठेवला गेला. बाईंनी परत लावला नाही. मला एवढंच म्हणाल्या, "आईची भाषा कुणी इसरतं का गं, सुमे?"

त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

तिकडे ख्रिस्ती लोकांसाठी एक लहानसं तमिळ चॅनल आहे. पहाटे प्रार्थना, दुपारी बायकांचा कार्यक्रम, मुलांना बायबलमधले प्रश्न. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरी दुःख झालं तेही वाचून दाखवतात. तंगमच्या घरी ते दिवसभर चालू असतं. दूर जाऊन राहिलेल्या आपल्या माणसांना शोधून काढायचं, असा त्यांचा एक कार्यक्रम आहे. तीन दिवस त्या माणसाच्या मागं फिरून चित्रण करतात आणि चौथ्या दिवशी सकाळी घरच्यांशी समोरासमोर बोलणं करून देतात. ते त्याच वेळी सगळ्यांना टीव्हीवर दिसतं. तंगमच्या मुलानं आईला न सांगता बाईंचा पत्ता त्या चॅनलला कळवला होता.

म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी दोन माणसं आमच्या दारात उभी राहिली. एक जेनी, तिशीची, बारीक, कपाळ मोकळं पण वेणीत हातभर फुलं. दुसरा देवा, कॅमेरावाला, सहा फुटी आणि माझ्याहून कमी बोलणारा. जेनीनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, हात जोडले आणि चांगली पाच मिनिटं तमिळमध्ये बोलली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बस बाळा. पाणी घे आधी."

जेनीचा चेहरा उतरला. तिला मोडकीतोडकी हिंदी येत होती, त्यातून उलगडा झाला. बाईंना निम्मं कळतं, बोलता काहीच येत नाही. जेनीनं चॅनलला फोन लावला. मग आम्हाला सांगितलं, की आमचं चॅनल बघणारी सगळी म्हातारी माणसं, त्यांना तमिळशिवाय काही कळत नाही. तंगमअम्मांनाही नाही. त्या म्हणतात, अक्का मोठी बाई झाली, आपल्या भाषेत बोलायची तिला लाज वाटते. त्यांना स्टुडिओत आणून बसवायचं ठरलं आहे. ते आता मोडता येणार नाही.

बाईंनी तिच्यापुढं चहा ठेवला. मग म्हणाल्या, "तीन दिसात टाकेबी सुकत नाईत. पण पाहू."

त्यांच्या गोळ्या आणि गुडघ्याचं तेल सांभाळायला मी बरोबर हवीच होते. मी कॅमेऱ्यासमोर येणार नाही, हे मी जेनीला आधीच सांगितलं. ती म्हणाली, नो प्रॉब्लेम, अक्का. तिच्या तोंडून अक्का ऐकून बरं वाटलं. आपल्यासारखंच ते लोकही मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात.

दौलताबाद

गाडी रफीकभाईंची होती. हे शहागंजकडचे, चाळीस वर्षं गाडी चालवतात आणि तेवढीच वर्षं बोलत आहेत. बाईंना बघताच म्हणाले, "अरे सिस्टरबाई, मेरे छोटे की पैदाइश में आपने मेरेकू डांटा था ना." बाईंना आठवेना. रफीकभाई म्हणाले की नाही आठवलं तरी चालेल, डांट बरोबर होती.

दौलताबादला बाई लसीकरणाला जायच्या. किल्ल्याखालच्या गावातली अर्धी पोरं त्यांच्या सुईनं रडलेली. पण किल्ल्यात त्या एकदाही गेलेल्या नव्हत्या. मीही नाही. दरवाजाच्या लोखंडी अणकुचीदार खिळ्यांवर मी हात ठेवून पाहिला. थंडगार होते. आत मोठमोठ्या तोफा आणि मागं तो सरळ तासलेला डोंगर. शहरातून तो नुसता उलट्या टोपलीसारखा दिसतो. जवळ गेल्यावर मान मागं टाकून बघावं लागतं. देवा कॅमेरा घेऊन वरच्या अंधाऱ्या वाटेपर्यंत चढून गेला आणि वटवाघळांचा वास घेऊन खाली आला. आम्ही दोघी मिनाराच्या सावलीत पेरू खात बसलो. इथले पेरू लहान पण गोड, तिखटमीठ लावून देतात. जेनी म्हणाली, आमच्याकडेही असंच मिळतं, फक्त आम्ही कैरीला लावतो.

मग जेनीनं बाईंच्या पदराला बोटाएवढा माईक लावला आणि विचारायला सुरुवात केली. तुमचं गाव कसं होतं, असं काहीतरी. बाई कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले. "समुद्र व्हता," एवढंच म्हणाल्या. जेनीनं परत विचारलं. बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि मलाच म्हणाल्या, "सुमे, हिचे डोळे बघ गं. रगत कमी हाय हिला." आणि भर कॅमेऱ्यासमोर तिची खालची पापणी ओढून पाहिली. देवा तसाच चित्रण करत राहिला.

टीव्हीवाल्यांची एक रीत मला फार आवडली. जिथं जिथं चित्रण करतात तिथलं काम आटपलं की सगळ्यांनी एक मिनिट अगदी गप्प उभं राहायचं. देवा कानांवर ते ऐकायचं मोठं यंत्र लावतो आणि त्या जागेचा नुसता आवाज घेतो. माणूस नको, फक्त जागा. पुढं जोडकाम करताना लागतो म्हणे. त्या चार दिवसांत जे एक काम मला सगळ्यांपेक्षा चांगलं जमलं ते हेच. रफीकभाईंना मात्र ते मिनिट फार जड जायचं. दौलताबादला त्यांनी अर्ध्या मिनिटात हळूच विचारलं, "हो गया क्या?" आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

कन्नड

दुसऱ्या दिवशी कन्नडला बाजार होता. आपल्या लोकांना कन्नडचा बाजार सांगायला नको, पण जेनीबरोबर फिरताना तो मला नवा वाटला. तिनं अंबाडीची जुडी हुंगून पाहिली आणि खूश झाली, त्यांच्याकडेही करतात म्हणे. मिरच्यांच्या ढिगाऱ्यापुढं तर देवळात उभं राहावं तशी उभी राहिली. एका म्हातारीनं तिच्या वेणीतली फुलं बघून मला विचारलं, नवी नवरी हाय का. मी मानेनंच नाही म्हणाले. म्हातारी म्हणाली, "मग इतकी फुलं कशापायी?" मी जेनीला खुणेनं समजावलं. ती हसून म्हणाली की तिकडे रोजच घालतात, फुलं नसली तरच लोक विचारतात काय झालं.

जेवायला एका खाणावळीत गेलो. हे दोघं तीन वेळा भात खाणारे. आदल्या दिवशी भाताची मूठभर वाटी बघून देवा कळवळला होता. आज त्यानं पिठलं-भाकरी मागितली, कशी खायची ते कुणाला विचारलं नाही, भाकरी ताटात बारीक कुस्करली, वर सगळं पिठलं ओतलं आणि पाचही बोटांनी कालवून गोळे करून खाऊ लागला. जेनीला लाज वाटली असावी, ती त्याला काहीतरी पुटपुटली. पण बाई त्याच्याकडे मायेनं बघत म्हणाल्या, "खाऊ दे की. इथली शेतावरची माणसं अशीच खात्यात." खाणावळवाल्यानं न मागता आणखी एक भाकरी आणून टाकली. जेनीनं पिशवीतून तांबड्या चटणीची बाटली काढून मला दिली. डाळ आणि मिरची भाजून केलेली, तेलात कालवून घ्यायची. आपल्या येसराची, आमटीत घालतात त्या भाजल्या डाळींच्या पिठाची, चुलत बहीणच. चवीला वेगळी, पण पाट्यावरून आलेली हे जिभेला कळतं.

संध्याकाळी लॉजच्या ओसरीवर जेनी बाईंना शिकवायला बसली. शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवावं तसं एकेक शब्द. बाई तिच्यामागं म्हणायच्या आणि पाच मिनिटांनी विचारलं तर कोऱ्या. त्यांनी हात टेकले. "हे आत हाय, जेनी," त्या म्हणाल्या, "पण झाकण निघत नाय." मी ते हिंदीत कसंबसं जेनीला सांगितलं. ती त्यांच्या गुडघ्याला तेल लावायला लागली. ते माझं काम होतं, पण मी करू दिलं.

घाटाअलीकडचं गाव

कन्नडपासून थोडं पुढं, तिथला घाट लागायच्या आधी, एका लहान गावात बाईंनी वीस वर्षं आरोग्य उपकेंद्र चालवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथं गेलो. जेनीच्या मनात असं होतं, की बाई पिंपळाच्या पारावर शांत बसल्या आहेत, मागं शेतं आहेत, ऊन कोवळं आहे, आणि त्या हळूहळू आठवून बोलत आहेत.

गाडीतून बाईंचा पांढरा पदर दिसला आणि गावात बातमी फिरली, सिस्टरबाई आल्या. डोस द्यायला आल्या असणार, नाहीतर गाडीतून एवढं सामान कशाला येईल. देवाच्या काळ्या पेट्या बघून बायकांची खात्रीच झाली. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढेपर्यंत पाराभोवती रांग लागली. कडेवर पोरं, हातात जुनी कार्डं, कुणी गुडघा दाखवायला, कुणी सासूला पुढं करून. एक आजोबा सदऱ्याची बाही वर करूनच उभे होते.

जेनी रडकुंडीला आली. तिनं रफीकभाईंना मध्ये घातलं. रफीकभाईंनी ठणकावून सांगितलं, "टीव्ही का शूटिंग है, दवाखाना नक्को समझो." रांगेतली एक बाई शांतपणे म्हणाली, "असू द्या की टीव्हीचं. आमी कुटं टीव्हीला हात लावतोय? आमच्या नंबरानं दाखवून घेतो."

आणि बाईंना तर दुसरं काही सुचतच नव्हतं. त्या पारावर मांडी घालून बसल्या होत्या आणि पहिल्या म्हातारीचं मनगट हातात घेऊन घड्याळाकडे बघत होत्या. औषध एकही जवळ नव्हतं. तरी कुणाला पाणी जास्त प्यायला सांग, कुणाला तालुक्याला डॉक्टरकडं जायला सांग, कुणाच्या सुनेला झाप. जेनी कपाळाला हात लावून माझ्याशेजारी बसली.

मग देवानं एक विचित्र गोष्ट केली. तो कानावर यंत्र लावून उभा होता. बाईंच्या पदराचा माईक चालूच होता. एकाएकी त्यानं वर बघितलं, कॅमेरा तसाच सोडला, यंत्र कानावरून काढलं आणि येऊन जेनीच्या कानावर बसवलं. जेनी ऐकत राहिली. तिनं तोंडावर हात ठेवला. मग ते यंत्र तिनं माझ्या कानावर लावलं.

बाई नाडी मोजत होत्या. आपल्याला शेजारी बसूनही ऐकू येणार नाही इतक्या हळू. ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु. तमिळ आकडे, न अडखळता, न थांबता, एका सुरात, पार साठाच्याही पुढं. सोळा वर्षांत त्यांनी माझं मनगट कितीदा धरलं असेल. त्यांचे ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, प्रार्थना करतात.

बाईंनी समोरच्या म्हातारीचा हात सोडल्यावर जेनीनं त्यांना गच्च मिठी मारली. बाईंना कळेचना. आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवली आणि मोठ्यानं मोजून पाहिलं. दहापर्यंत गेल्या आणि थांबून हसायला लागल्या. रांगेतल्या बायकाही कारण न समजता हसल्या.

"आकडे हायेत म्हणायचे," बाई म्हणाल्या. "पण बहिणीशी काय आकडे बोलू?"

तरी त्या दिवशी रांग संपेपर्यंत आम्ही उठलो नाही. जेनीचं शांत पारावरचं चित्र काही झालं नाही. निघताना देवानं त्याचं ते मिनिट मागितलं. पन्नास-साठ माणसं, पोरंसोरं, दोन कुत्री, सगळे गप्प उभे राहिले. वरून पिंपळाची पानं तेवढी वाजत होती. रफीकभाईंनी तोंडात रुमाल धरला होता.

पिशोर, भराडी, सिल्लोड

दुपारी फर्दापूरची वाट धरली. रस्त्यानं दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसं भरत आलेली. एका शेताच्या बांधावर हुरडा भाजणं चाललं होतं. रफीकभाईंनी गाडी थांबवून ओळख काढली. त्यांची ओळख कुठंही निघते. गोवऱ्यांच्या आरावर कणसं टाकून, तळहातावर चोळून, फुंकर मारून दाणे देतात ते जेनीनं पहिल्यांदाच पाहिलं. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिनं इतका खाल्ला, की बाईंनी तिला पाणी पिऊ दिलं नाही. हुरड्यावर पाणी प्यायचं नसतं, हे तिला आम्ही तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं.

गाडीत बाई खिडकीतून बघत होत्या. एक चिंचेचं झाड मागं गेलं आणि त्या आपल्याआपणच म्हणाल्या, "पुळी." जेनी झटकन वळली. चिंचेला ते लोक तसंच म्हणतात. मग तर खेळच सुरू झाला. जेनी बोट दाखवायची नाहीतर हिंदीत नाव घ्यायची, बाई डोळे मिटायच्या. मीठ आलं, तांदूळ आला, कावळा आला. बैल येईना, तर रफीकभाई हळहळले. "बैल तो सामने खडा है सिस्टरबाई, कोशिश करो." पण सुटे शब्दच यायचे. एकाला दुसरा लागत नव्हता. सिल्लोड येईपर्यंत बाई दमल्या आणि मान टाकून झोपल्या. जेनी मला हळूच म्हणाली, "अक्का, उद्या त्या बोलल्या नाहीत तर तंगमअम्मा उठून जातील. त्यांच्या मुलानं सांगितलंय, त्यांना फार राग आहे." मी बाईंच्या डोक्याखाली शाल सरकवली.

अजिंठ्याचा घाट उतरताना ऊन तिरपं झालं होतं. खाली झाडी, मध्येच पिवळं गवत, आणि वळणावळणावर वानरं कुटुंबासकट बसलेली, जणू एसटीची वाट बघताहेत. मी घाबरून डोळे मिटले नाहीत, हे इथं लिहून ठेवते.

फर्दापूर

बाईंची पहिली नेमणूक फर्दापूरची. दवाखाना केव्हाच बंद झाला. ती दोन खोल्यांची इमारत आता एका गृहस्थाकडे आहे. ते लेणी बघायला येणाऱ्या लोकांना चहा-नाश्ता देतात. त्यांनी जागा आनंदानं दिली. पण खाली मोबाईलला रेंज नव्हती आणि हे सगळं मोबाईलवरूनच चालणार होतं. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी नऊलाच गच्चीवर बाज चढवली, तिच्यावर सोलापुरी चादर घातली. जेनीनं बाईंसाठी गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून मोगऱ्याचा गजरा आणला होता, चार दिवस लॉजच्या फ्रिजमध्ये सांभाळलेला. तो बाजेवर ठेवून ती वळली, तेवढ्यात कठड्यावरून एक वानर आलं, गजरा उचलला, हुंगला आणि समोरच्या कडुनिंबावर जाऊन एकेक फूल खात बसलं. मालक म्हणाले, "खाऊ द्या, पाव्हणा हाय त्यो बी." बाईंच्या केसांत शेवटी मी तिथल्याच कुंडीतला झेंडू लावला.

दहा वाजता मोबाईलच्या पडद्यावर स्टुडिओ दिसला. मागं निळा पडदा, टेबलावर फुलदाणी, एक सूत्रसंचालक बाई, आणि तिच्याशेजारी एक बारीक म्हातारी. पांढरे केस चोपून बसवलेले, जरीकाठाची साडी, हात मांडीवर घट्ट धरलेले. नाक हुबेहूब आमच्या बाईंचं.

सूत्रसंचालक बाई बोलली. तंगम नुसती बघत होती. मग सगळे बाईंच्या बोलण्याची वाट बघू लागले. मी बाईंच्या मागं, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते. मला बाईंची नुसती पाठ दिसत होती.

"तंगम," बाई म्हणाल्या. एवढंच. पुढं काही येईना. तंगमनं मान खाली घातली, खुर्चीचा हात धरला. ती उठायच्या बेतात होती.

बाई मागं वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा चेहरा बघितला नव्हता. "सुमे," त्या म्हणाल्या, "नाय येत गं."

मी कशी गेले ते माहीत नाही. गेले आणि बाजेच्या कडेवर बसले. कॅमेरा बरोबर माझ्या तोंडासमोर होता. मी पदर पुढं ओढला, मान खाली घातली, आणि जेवढं सुचलं तेवढं म्हणाले, "बाई, त्यांना विचारा, नाश्ता केला का."

"काय?" बाई म्हणाल्या.

"मला विचारायचंय. मला त्यांची भाषा येत नाही. तुम्ही विचारा."

बाईंनी कपाळाला आठी घातली. दवाखान्यात कुणी अडाणी माणूस मध्येच काही विचारायला लागलं की घालायच्या तशीच. मग पडद्याकडे वळून त्यांनी विचारलं. तमिळमध्ये. एक आख्खं वाक्य, धड, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तंगमचं डोकं वर आलं. ती काहीतरी बोलली.

"म्हणती, इडली खाल्ली," बाईंनी मला सांगितलं. "पण इथल्या पोरींनी कॉफीत साखर लई घातली."

"त्यांना सांगा, तुमची बहीण तर तीन चमचे साखर घेते, डॉक्टर नको म्हणाले तरी."

"ते कशाला सांगू?"

"सांगा. माझा निरोप आहे."

बाईंनी सांगितलं. तंगमनं हात कपाळावर मारून घेतला आणि लांबलचक बोलली. बाईंनी मला सांगितलं, की लहानपणी त्या दोघी आईच्या डब्यातला गूळ चोरायच्या आणि मार फक्त तंगमला बसायचा. मी म्हणाले, त्यांना विचारा, डबा कुठं ठेवलेला असायचा. हे मला कळायलाच हवं होतं असं नाही. पण विचारायला काहीतरी हवं होतं. बाईंनी विचारलं. तंगमनं सांगितलं. बाई तिला मध्येच तोडून म्हणाल्या, नाही, तिथं नाही. हे मला मानेवरून कळलं. तंगमही हट्टाला पेटली, तिथंच. डबा कुठं होता यावर दोघींचं चांगलंच जुंपलं. सूत्रसंचालक बाई मध्ये बोलायला गेली, तर दोघींनी एकदम तिला हातानं थांबवलं.

मी पुढचा प्रश्न तयार करून बसले होते. गावाकडं थंडी असते का, हा. बाईंनी तो मागितलाच नाही.

किती वेळ गेला ते कळलं नाही. जेनी भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती. देवा कानांवर यंत्र दाबून डोळे मिटून उभा होता. रफीकभाई जिन्यात उभे राहून कधी नव्हे ते गप्प होते. कडुनिंबावरच्या वानराचा गजरा संपला होता. मी हळूच उठून टाकीकडे जावं म्हणत होते, एवढ्यात तिकडे तंगमनं काहीतरी सांगितलं आणि बाई हसायला लागल्या. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाज हलत होती. झेंडू केसांतून निसटून मांडीवर पडला.

"काय म्हणाल्या हो?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे वळल्या, माझा हात धरला आणि डोळे पुसत पुसत ती सगळी हकिकत मला सांगू लागल्या. गूळ असेल, आई असेल, समुद्र असेल. हातवारे करून, मध्ये थांबून, परत हसून, अगदी शेवटपर्यंत सांगितली. सगळी तमिळमध्ये.

मला एकही शब्द कळला नाही. मी हो हो म्हणत राहिले.